काल्व्हादोस: दोन बाटल्या आणि सोबतचं ताट

तुमच्या मुलाने फ्रान्सहून काल्व्हादोसच्या दोन बाटल्या आणल्या. एकीवर ‘पेई दोज’ लिहिलंय, दुसरीवर ‘दोंफ्रोंते’. तुमचे प्रश्न तीन: ही सफरचंदाची ब्रँडी, मग सफरचंदाचा वास का येत नाही, माल नकली तर नाही ना? दोन बाटल्यांत फरक काय? आणि घरात निम्मे शाकाहारी असताना सोबत खायला काय ठेवायचं? ही ब्रँडी जिथे बनते त्या फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, काँ शहरात, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं राहिले आणि हे पेय तिथल्या शेतावर, तिथल्या जेवणात ओळखीचं झालं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाटली नकली नाही, निर्धास्त राहा. आपल्या डोक्यात सफरचंद म्हणजे सिमल्याचं लालबुंद, गोड फळ. काल्व्हादोसची सफरचंदं वेगळीच. लिंबापेक्षा थोडी मोठी, खडबडीत, आणि चावलं तर तोंड आवळून येतं इतकी तुरट. मी पहिल्यांदा एक उचलून खाल्लं तेव्हा कच्च्या जांभळाची आठवण झाली. बिने रूज, फ्रेकँ रूज, मेते, रांबो अशा जातींची फळं मिसळतात: कडवट, कडू-गोड, गोड आणि थोडी आंबट. कडवटपणा म्हणजे टॅनिन, आणि त्यावरच पेयाचा सांगाडा उभा राहतो. निव्वळ गोड फळाची ब्रँडी पातळ, बिनकण्याची लागते.

फळं सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आपोआप खाली पडतात आणि गवतातून गोळा केली जातात. जुन्या बागांत झाडं उंच वाढवलेली असतात आणि खाली गाई चरतात. त्याच गाईंच्या दुधाचं लोणी, साय आणि चीज. हे लक्षात ठेवा, खाण्याच्या प्रश्नाकडे येताना लागेल.

फळं किसून, दाबून रस काढतात. तो साखर न घालता आपल्या आपण आंबतो आणि सायडर होते. मग ती भट्टीत उकळून गाळतात. साधारण १८ किलो सफरचंदांची १३ लिटर सायडर होते, आणि ती गाळली की ७० टक्क्यांच्या आसपासचं जेमतेम एक लिटर हाती लागतं.

पेई दोज हा नॉर्मंडीतला एक भाग. तिथे नियमच आहे: तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायचं. पहिल्या खेपेला २८-३० टक्क्यांचं फिकं पाणी मिळतं, दुसऱ्या खेपेला खरी दारू. गोव्यात पहिल्या गाळपाला हुर्राक आणि दुसऱ्याला फेणी म्हणतात, तसाच प्रकार. एक गोष्ट मात्र आपल्या समजुतीच्या उलट आहे. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल. तिथे दुसऱ्या गाळपातली पहिली धार बाजूला काढतात, कारण तिला नेलपॉलिशसारखा झोंबरा वास येतो. शेवटची धारही काढतात, ती उकडलेल्या पाल्यासारखी जड लागते. मधलं तेवढं ठेवायचं. बाजूला काढलेलं पुढच्या घाण्यात परत घालतात.

ही मधली धार कुठून कुठवर धरायची, हे ठरवताना मी जवळून पाहिलंय. पेई दोजमधल्या कांब्रमेर गावाजवळच्या एका शेतावर म्हातारे मालक धारेखाली हात धरायचे, चार थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. अल्कोहोल उडून गेलं की मागे राहतो तो फळाचा वास. त्यांनी माझ्याही हातावर थेंब टाकले. स्वच्छ, ताज्या सालीचा वास होता. तेव्हा पाण्यासारखी पांढरी असलेली तीच दारू पुढे वर्षानुवर्षं ओकच्या पिंपात पडून राहते, रंग घेते, आणि सालीचा वास मागे सरत जातो. त्याच्या जागी भाजलेलं सफरचंद, करपवलेली साखर, अक्रोड, व्हॅनिला, कधी जुन्या चामड्यासारखं काहीतरी येतं. म्हणजे तुमची बाटली जितकी जुनी, तितकं ताजं सफरचंद कमी. लेबलवर ‘फीन’ किंवा तीन तारे असतील तर किमान २ वर्षं, ‘व्ह्यू’ किंवा ‘रेझर्व्ह’ म्हणजे ३, ‘व्हीएसओपी’ म्हणजे ४, आणि ‘एक्सओ’ किंवा ‘ऑर दाज’ म्हणजे किमान ६. हे वय मिश्रणातल्या सगळ्यात तरुण दारूचं असतं. तुम्ही एक्सओ उघडली असावी, असा माझा अंदाज आहे.

आता दोंफ्रोंते. नॉर्मंडीच्या दक्षिण भागात दोंफ्रों गावाभोवती ग्रॅनाइटची जमीन आहे आणि तिथे सफरचंदापेक्षा नाशपतीचा रुबाब मोठा. खायची नाशपती नव्हे, हीसुद्धा तुरट. झाडं आपल्या चिंचेसारखी डेरेदार, शंभर-दोनशे वर्षं जगणारी. या भागाच्या काल्व्हादोसमध्ये किमान ३० टक्के नाशपतीची सायडर असावीच लागते, ती उभ्या स्तंभाच्या भट्टीत एकाच खेपेत गाळतात आणि पिंपात किमान ३ वर्षं ठेवतात. चवीला ती हलकी, फुलांच्या अंगाची, जास्त धारदार. पेई दोज गोल, भरलेली, तोंडात रेंगाळणारी. लोक पेई दोजला वरचा दर्जा देतात, पण माझं मत वेगळं आहे. नाशपतीचा तो नितळपणा मला फार आवडतो, आणि लमॉर्तों यांच्यासारख्या दोंफ्रोंते घराण्यांची बाटली हाताशी असेल तर मी ती आधी उघडेन. ज्यावर नुसतं ‘काल्व्हादोस’ लिहिलेलं असतं तिचा प्रदेश मोठा, बहुतांश उत्पादनही तेच. त्यातही उत्तम बाटल्या निघतात.

थोडा इतिहास, कारण तो चवीशी जोडलेला आहे. नॉर्मंडीतल्या कोतांताँ भागातल्या जिल द गूबेरव्हील या जमीनदाराच्या रोजनिशीत १५५३ साली सायडर गाळण्याची नोंद सापडते. ‘काल्व्हादोस’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये नवे जिल्हे आखले, त्यातला एक काल्व्हादोस, आणि जिल्ह्याचं नाव पुढे पेयाला चिकटलं. स्पॅनिश आरमाराचं ‘साल्व्हादोर’ नावाचं जहाज तिथे खडकावर आपटलं म्हणून हे नाव, अशी गोष्ट तुम्हाला दुकानदार सांगतील. ऐकायला छान आहे, पण खरी धरू नका. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि सफरचंदाच्या दारूला मागणी वाढली. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, पेई दोजला अधिकृत नामसंरक्षण मिळालं, म्हणजे ते नाव फक्त त्या भागातल्या, ठरल्या पद्धतीच्या दारूलाच लावता येतं. सरकार त्या काळात अल्कोहोल जप्त करत होतं, त्यातून ही दारू वाचवणं हाही हेतू होता. दोन वर्षांनी दोस्त फौजा त्याच किनाऱ्यावर उतरल्या आणि लढाईत कित्येक बागा, कित्येक पिंपं गेली. नुसत्या ‘काल्व्हादोस’ नावाला १९८४ मध्ये आणि दोंफ्रोंतेला १९९७ मध्ये तसंच संरक्षण मिळालं.

आता ताटाकडे. मला सगळ्यात जास्त याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, कारण काल्व्हादोस हे जेवणातलं पेय आहे, दिवाणखान्यातलं नाही. नॉर्मंडीत मोठ्या जेवणाच्या मध्यावर एक छोटा पेला घेतात, त्याला ‘त्रू नॉर्माँ’, म्हणजे नॉर्मन भोक म्हणतात. पोटात जागा होते, अशी समजूत. हल्ली हॉटेलांत सफरचंदाच्या सॉर्बेवर, म्हणजे गोठवलेल्या फळाच्या रसावर, काल्व्हादोस ओतून देतात.

पहिला नियम: तिखट नको. आम्ही एकदा सुट्टीत कोल्हापूरला चांगली १५ वर्षांची बाटली घेऊन गेलो आणि तांबड्या रश्श्यासोबत उघडली. कुणालाच काही कळलं नाही. तिखटाने जीभ पेटलेली असताना ४० टक्क्यांची दारू नुसती आगीत तेल ओतते. अजून त्या बाटलीचं वाईट वाटतं. शेव, चिवडा, मसाला शेंगदाणे, सगळं बाजूला ठेवा.

दुसरा नियम: जिथे साय-लोणी, तिथे काल्व्हादोस. त्या गाईंचं सांगितलं ते यासाठी. कामाँबेर, पाँ-लेव्हेक आणि लिव्हारो ही तिन्ही चीजं याच मातीतली, आणि शाकाहारी मंडळींसाठी यापेक्षा सोपं काही नाही. फक्त चीजमध्ये कुठलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात तो पदार्थ, वापरलंय ते बघा. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, आणि काटेकोर शाकाहारी माणसाला हे आधी सांगायलाच हवं. आपल्याकडे शाकाहारी रेनेटचं कामाँबेरच्या धर्तीचं चीज मिळतं, ते घ्या. फ्रिजमधून तासभर आधी काढा, आतून सैल झालं पाहिजे. मांसाहारी लोकांसाठी व्हाले दोज पद्धतीची कोंबडी: लोण्यात परतलेली कोंबडी, मश्रूम, सफरचंदाच्या फोडी, थोडी काल्व्हादोस आणि शेवटी साय. काल्व्हादोस ओतताना गॅस बंद करा आणि बाटलीतून थेट कधीच ओतू नका, वाटीत काढून ओता. भडका केवढा उठतो ते मी पाहिलंय. या कामाला दोन-तीन वर्षांची तरुण बाटली वापरा, एक्सओ नको.

आणि गोडाला तेर्गूल. ही त्यांची तांदळाची खीर आहे, आपल्या माणसाला चाखल्याबरोबर जवळची वाटते. २ लिटर दूध (म्हशीचं नको, गाईचं), १५० ग्रॅम तांदूळ (आंबेमोहोर चालतो), तेवढीच साखर, दोन चमचे दालचिनी पूड, चिमूटभर मीठ. मातीच्या किंवा जाड भांड्यात घालून, न ढवळता, ओव्हनमध्ये आधी तासभर १५० अंशांवर, मग ११० वर पाच तास. वर तपकिरी, खरपूस सायीचा पापुद्रा धरतो. त्यावरून घरात भांडणं होतात. या खिरीसोबत तुमची दोंफ्रोंते द्या, दालचिनी आणि नाशपती एकमेकांना फार मानतात. पेई दोज एक्सओ कडू चॉकलेटसोबत किंवा नुसतीच.

बर्फ घालू नका, तरुण बाटलीत टॉनिक वॉटर चालेल. पेला वरून निमुळता घ्या, दोन बोटंही नको, त्याहून कमी ओता आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. पहिली झोंबरी वाफ जाऊ द्या, मग नाक न्या. बाटलीत ती आणखी मुरत नाही, त्यामुळे पिंपातलं वय तेच तिचं वय. उघडल्यावर उभी ठेवा, आडवी नको, बूच खराब होतं.

आणि पिऊन झाल्यावर पेला लगेच धुवायला टाकू नका. ओट्यावर राहू द्या आणि सकाळी चहाच्या आधी हुंगून बघा. अल्कोहोल गेलेलं असतं. तुम्ही जो सफरचंदाचा वास शोधताय, तो मला बहुतेक वेळा तिथेच सापडलाय.