ती आता तोंडावर हात ठेवून हसते

प्रश्न: ताई, मी २७ वर्षांचा, पिंपरीत जॉब करतो. मुलींशी बोलायला जमायचंच नाही म्हणून गेल्या वर्षी एक ऑनलाइन कोर्स घेतला. त्यात शिकवलं की दोन दिवस गोड बोलायचं मग एक दिवस गायब व्हायचं, आणि कौतुकातच एक टोमणा सोडायचा, त्याला नेगिंग म्हणतात. ॲपवर एक मुलगी भेटली, चार महिने झाले, सगळं वर्क झालं. पहिल्याच भेटीत मी म्हणालो होतो, "तुझं हसणं जरा मोठंच आहे, पण क्यूट आहे." आता ती हसताना तोंडावर हात ठेवते, ते बघून मला कसंतरीच होतं. लग्नाचं विचारते तेव्हा मी "घरी बोलतो" म्हणतो, पण खरं सांगू, मला लग्न करायचंच नाहीये. मित्र म्हणतो परफ्यूम लावणं पण फसवणंच ना. मी चुकतोय का?

उत्तर: हो रे, चुकतोयस. पण तुला कसंतरी होतंय ते बरंय, ते दाबू नकोस.

आधी मित्राचं परफ्यूम बघू. तू परफ्यूम लावलंयस हे तिला माहीत असलं तरी वास छानच येतो ना? इस्त्रीचा शर्ट, पाठ केलेला जोक, सगळं तसंच, कळलं तरी तिचं काही जात नाही. आता तिला सांगून बघ की "मी परवा बिझी नव्हतो, तू बेचैन व्हावीस म्हणून मुद्दाम गप्प बसलो होतो." क्षणात खेळ संपेल. जी गोष्ट समोरच्याला कळली की चालतच नाही ती फसवणूक, मी तरी असंच धरते.

आणि हे गायब होणं चालतं का माहितीये? स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, १९५७ मध्ये त्यावर मोठं पुस्तकही आलं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर चोच मारतच राहायचं, दाणे बंद केले तरी कितीतरी वेळ थांबायचं नाही. ती रात्री साडेअकराला फोन उघडून तुझं लास्ट सीन बघते ना, ते बऱ्याचदा हेच असतं, आणि तुला वाटतं ती प्रेमात पडलीये. असेलही, पण तू तिला नीट कळूच दिलं नाहीस.

टोमण्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं. एक मुलगी मोकळी हसत होती, तू मुद्दाम, शिकून, तिच्या मनात शंका टाकलीस, आणि चार महिन्यांनी तिचा हात आपोआप वर जातो.

लग्नाचं मात्र सगळ्यात गंभीर. भारतीय न्याय संहितेचं कलम ६९, १ जुलै २०२४ पासून लागू आहे: लग्न करायचा इरादाच नसताना तसं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात फरक सांगितलाय, वचन मनापासून दिलं आणि नंतर जमलं नाही ते वेगळं, आणि देतानाच पाळायचं नव्हतं ते वेगळं. तुझं कुठल्या बाजूला बसतं ते तूच मला लिहिलंयस. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ती कदाचित घरी आलेली स्थळं थांबवून बसली असेल, तुझ्या एका "घरी बोलतो" वर.

तुझा एकटेपणा मला कळतो, त्या कोर्सवाल्यांनी त्याचेच पैसे केले. पण आता या आठवड्यातच भेट, मेसेजवर नको. आधी लग्नाचं सांग, "मला लग्न करायचं नाहीये, तुला खोटं सांगत होतो." मग गायब व्हायचं सांग. आणि हसण्याबद्दल सांग की ते वाक्य एका कोर्समधून आलं होतं, तिच्या हसण्यात काहीच कमी नव्हतं. रडू नकोस, "मला माफ कर ना" म्हणून मागे लागू नकोस, तो पण दबावच होतो. ती चिडून उठून गेली तर जाऊ दे, आणि नंतर तिचा फोन येईपर्यंत तू करू नकोस.