उधळला, दवडला की नुसताच घालवला?

डबिंगचे संवाद लिहिणाऱ्या एका पुणेकर बाईंनी विचारलंय: गोष्टीतल्या बापाला मुलाविषयी एका दमात म्हणायचंय, की पैसा, वेळ, हाताशी आलेल्या संधी, सगळं यानं बेफिकिरीनं वाया घालवलं. 'उधळलं' म्हटलं तर वेळेपाशी जीभ अडखळते, 'दवडलं' म्हटलं तर पैशापाशी. तिन्हींना पुरेल असं एकच क्रियापद मराठीत आहे का?

आहे. पण जीभ का अडखळते ते आधी बघू.

उधळायला मुठीत मावणारं, सुटं काहीतरी लागतं. जेजुरीला भंडारा उधळतात, विसर्जन मिरवणुकीत गुलाल. शिवाय बघणारे लागतात. खोलीचं दार लावून एकट्यानं कोणी काही उधळत नाही. पैसा या दोन्ही कसोट्यांना उतरतो. तमाशाच्या फडातली दौलतजादा आठवा. जमीन मात्र उतरत नाही. पुण्याच्या आसपास जमिनींना भाव आला, गळ्यात जाड साखळ्या आणि दारात मोठ्या गाड्या आल्या, आणि बोलीला 'गुंठामंत्री' हा झकास शब्द मिळाला. या गुंठामंत्र्यानं 'पैसा उधळला' असं गावात म्हणतात, पण जमीन त्यानं 'फुंकली' किंवा 'विकून खाल्ली'. गुंठा काही उधळता येत नाही.

बरं, 'उधळणे' हा शब्द स्वभावानं वाईट नाही. त्याच्या मागोमाग काय येतं त्यावर सगळं ठरतं. 'उधळून टाकलं' म्हणजे नासाडी. 'उधळून दिलं' म्हणजे औदार्य. 'चळवळीसाठी आयुष्य उधळून दिलं' असं कोणाविषयी म्हटलं की पुढे हिशेब मागायची सोय नाही. आणि 'उधळून लावलं' म्हणजे दुसऱ्याचा बेत मोडला. सभा उधळून लावतात, डाव उधळून लावतात. काँग्रेसचं १९०७ चं सुरतेचं अधिवेशन असंच उधळलं गेलं. टाकणे, देणे, लावणे या तीन शब्दांनी एकाच धातूची तीन चारित्र्यं केली. व्याकरणाच्या पुस्तकात 'सहायक क्रियापद' म्हणून यांची बोळवण होते, ते मला काही पटत नाही.

आणखी एक. 'मी सध्या पैसे उधळतोय' असं कोणी सरळ मनानं म्हणत नाही. स्वतःचा तो 'खर्च', शेजाऱ्याची ती 'उधळपट्टी'. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात श्रावणातली दक्षिणा वाटली जायची. देणारा-घेणारा तिला दानधर्म म्हणणार, टीकाकार उधळपट्टी म्हणणार. पेशवाई गेल्यावर १८२१ साली त्याच दक्षिणेतला काही पैसा विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला गेला. तेव्हाही सगळे एकाच शब्दावर आले असतील असं वाटत नाही.

आता 'दवडणे'. मूळ अर्थ हाकलणे, पिटाळणे. म्हणजे आपण होऊन दाराशी आलेलं परत धाडणं. संधी अशीच येते म्हणून ती दवडता येते. ती 'हुकली' तर दोष नशिबाचा, 'गमावली' तर हळहळ, 'दवडली' तर दोष सरळ तुमचा. गमतीची गोष्ट अशी, की हे क्रियापद हल्ली बहुतेक नकारातच भेटतं: 'क्षणही न दवडता', 'शब्द न दवडता', आणि लक्ष्मी रोडवरच्या सेलच्या फलकांवर 'ही सुवर्णसंधी दवडू नका!' (जिथे संधी न दवडणं म्हणजे पैसे उधळणं, हा भाग वेगळा.) होकारी 'दवडली' ऐकू येतं ते सहसा वडीलधाऱ्यांच्या तोंडून, आणि त्यात राग असतो.

वेळेचं फार लांबवत नाही. 'वेळ काढून या' यात आपुलकी आहे आणि 'नुसता वेळ काढतोय' यात शिवी, एवढं सांगून पुढे जातो.

तर तिन्हींना चालणारं क्रियापद म्हणजे 'घालवणे'. पैसा घालवला, वेळ घालवला, संधी घालवली. पण ते फार सौम्य आहे. सुट्टीही आपण महाबळेश्वरला मजेत घालवतो. म्हणून त्याला 'वाया' किंवा 'फुकट' जोडावं लागतं. अपवाद एकच: पेठांमधल्या जुन्या घरांत, कोकणातून आलेल्या धाटणीचं, 'सगळं घालवलंन् मेल्यानं' ऐकलंत तर त्याला काही जोडायची गरज उरत नाही. तुमचा बाप त्या घरातला असेल तर बिनधास्त हेच वापरा.

नसेल, तर माझं मत 'मातेरं'ला. खळं झाडताना शेवटी मातीत मिसळलेलं जे धान्य उरतं ते मातेरं. त्यात दाणे असतात, पण वेगळे काढता येत नाहीत. बेफिकिरी, नुकसान आणि बापाची चडफड, तिन्ही त्यात आपोआप येतात. 'पैसा, वेळ, आलेल्या संधी... सगळ्याचं मातेरं केलंस!' अनेकवचन 'संधी'च ठेवा. 'संध्या' लिहिलंत तर पोरानं पळी-पंचपात्र बुडवलं असं वाटेल. आणि ओठांच्या हालचालीत वाक्य बसत नसेल, तर आधी 'आलेल्या' काढा, 'सगळ्याचं' काढू नका.