गव्याला गोळी नको, म्हशीला बादली द्या

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचं शिवार चांदोलीच्या जंगलाला लागून आहे. दोन म्हशींना लाळ-खुरकत झाली आहे. ज्या ओढ्यावर गुरं पाणी पितात, तिथंच सांजेला गवे उतरतात. त्यांना रोग लागेल का? पोरं म्हणतात, गुळात गोळ्या घालून ओढ्याकाठी ठेवू. ठेवाव्यात का?
– एक वाचक, मणदूर परिसर, ता. शिराळा

उत्तर : दादा, गोळ्या अजिबात ठेवू नका. पोरांचा जीव तुटतो हे चांगलंच, पण हा रोग विषाणूचा. त्याला मारणारी गोळी तुमच्या म्हशीसाठीसुद्धा नाही, गव्यासाठी कुठून आणणार? शिवाय गुळावर गव्याआधी रानडुक्कर हजर होईल.

रोग लागेल का, तर हो, लागू शकतो. दुभंगलेल्या खुराच्या कुठल्याही जनावराला लागतो. म्हणून म्हशी ओढ्यावर सोडू नका. गोठ्यात वेगळ्या बांधा आणि बादलीनं पाणी पाजा. जिभेवरचे फोड फुटले की म्हैस वैरण तोंडात घेते अन् लाळेसकट तशीच खाली टाकते. ती उष्टी वैरण बांधावर फेकू नका, खड्ड्यात पुरा. गोठा धुण्याच्या सोड्यानं धुवा, 10 लिटर पाण्याला 400 ग्रॅम. खूर बरे दिसले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय म्हशी रानात नेऊ नका.

खरं काम लसीचं. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती दर सहा महिन्यांनी फुकट टोचतात. पण लसवाले आले की म्हैस मागच्या दारानं रानात काढणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. म्हणे, दूध आटतं! दोन-चार दिवस थोडं घटतं, हे खरं. पण लाळ-खुरकतीनं सगळं वेतच हातचं जातं, तो हिशोब कुणी मांडत नाही.

बुळकांडी आठवते, गुरांना मारणारी ती विषाणूची साथ? 1968 मध्ये तिकडं बांदीपूर-मुदुमलाईच्या रानात तिनं गवे पटापट मेले. गव्याला काही कुणी लस टोचत बसलं नाही. वर्षानुवर्षं गावोगावची गुरं टोचली, अन् 2011 मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. तुमच्या ओढ्यावरचे गवेसुद्धा असेच वाचायचे, तुमच्या-आमच्या गोठ्यातून.

लंगडणारा किंवा लाळ गाळणारा गवा दिसला तर हाकलू नका, फोटोसाठी जवळही जाऊ नका. वनखात्याच्या 1926 वर फोन करा. मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून रक्त आलेलं असेल तर हातही लावायचा नाही, कुत्रीही फिरकू द्यायची नाहीत. ती काळपुळी, म्हणजे माणसालाही लागणारा अँथ्रॅक्स, असू शकते.

आणि हो, म्हशींचं दवाखान्यात कळवल्याचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ते आजच कळवा. आजारी म्हशींना आता लस चालणार नाही, पण शेजारच्या निरोगी गुरांना कधी टोचायची ते त्यांनाच ठरवावं लागेल.