वाचक विचारतात : आई झोपली आहे की प्रभूजवळ? आणि सहा दिवस किती मोठे?

प्रश्न : सलाम ताई. माझी सासू उन्हाळ्यात वारली. मातीच्या दिवशी पाळकसाहेब बोलले का आई आता प्रभूजवळ आहे अन् आपल्याले पाहून राहिली. पण माझा दीर सेव्हन्थ डे मंडळीत (शनिवार पाळणाऱ्या) जाते, त्यानं तिथंच सांगतलं का आई झोपली आहे, तिले काहीच माहीत नाही, प्रभू आल्यावरच उठन. उपदेशक ९:५ काढून दाखवलं. तवापासून घरात बोलचाल बंद आहे. नणंद रडते, म्हणते मंग आईसंग बोललेलं कोणी ऐकतच नाही का. आता स्मरणाची भक्ती ठेवाची आहे तर दीर म्हणते मी येत नाही. खरं काय ते सांगा.
— एक बहीण, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : बाई, सगळ्यात आधी हे ऐका की तुमचा दीर मनचं काही बोलून नाही राहिला. उपदेशकात खरंच लिहिलंय की मेलेल्यांना काही कळत नाही. योहान ११ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो आपला मित्र लाजर झोपला आहे. दानीएल १२ मध्येही मातीत झोपलेले उठतील असंच आहे. आणि मला त्यांच्या बाजूची सगळ्यात वजनदार जागा वाटते ती १ थेस्सलनीका ४, कारण तिथे पौल शोक करणाऱ्या माणसांनाच समजावतोय, आपली माणसं गेली म्हणून ते रडताहेत, आणि तरी तो त्यांना ‘ते वर सुखात आहेत’ असं म्हणत नाही, तो म्हणतो प्रभू येईल तेव्हा ते आधी उठतील. हे वाक्य आपल्या पाळकांनीही नीट वाचायला पाहिजे.

पण पाळकसाहेबांचंही हवेतलं नाही. वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मत्तय १०:२८ मध्ये शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, ते आत्म्याला मारू शकत नाहीत असं आहे. आणि ज्या उपदेशकातलं वचन दीरानं काढलं त्याच पुस्तकात १२:७ ला आत्मा देवाकडे परत जातो असं आहे, ते पण त्यांना वाचायला सांगा, प्रेमानं सांगा. लूक १६ मधली श्रीमंत आणि भिकारी लाजर (हा लाजर वेगळा) यांची, मेल्यावर एक यातनेत आणि एक सुखात अशी गोष्ट लोक लगेच पुढं करतात, मी नाही करत, कारण तिथे प्रभू श्रीमंतांना हलवायला गोष्ट सांगतोय, मेल्यावरचा नकाशा काढून देत नाहीये.

माझं मन कुठं आहे ते पण सांगते, लपवत नाही. फिलिप्पै १:२३ वाचा. पौल कैदेत आहे, मरण समोर आहे, आणि तो म्हणतो इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं फारच चांगलं. सेव्हन्थ डे वाले यावर उत्तर देतात की झोपलेल्याला मधला वेळ कळतच नाही, रात्रीच्या एसटीत आर्वीला डोळा लागला की डोळा उघडतो तेव्हा नागपूर आलेलं असतं, तसं. उत्तर चांगलं आहे, पण मला पुरत नाही. पौल तेव्हा रोज प्रभूसोबत चालत होता, त्या सहवासापेक्षा ‘फारच चांगलं’ काही असेल तर ते काही न कळणं कसं असेल? म्हणून सासूबाई प्रभूजवळ आहेत असं मी मानते, आणि जपून मानते.

हा वाद तुमच्या घरात सुरू झाला असं समजू नका हं. पोप जॉन बाविसावे यांनी १३३१ च्या सुमारास प्रवचनांत सांगितलं की न्यायाच्या दिवसापर्यंत आत्म्यांना देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, केवढा गदारोळ झाला, १३३४ मध्ये मरायच्या आधी त्यांनी ते मत मागं घेतलं, आणि १३३६ मध्ये पुढच्या पोपने उलट निर्णय जाहीर केला. मग सोळाव्या शतकात, प्रोटेस्टंट मंडळ्या निघाल्या त्या धर्मसुधारणेच्या काळात, तिचा एक पुढारी लूथर मरणाला कितीदा झोप म्हणाला, इंग्रजीत बायबल आणणारा टिंडेलही झोपेच्या बाजूनं बोलला, आणि दुसरा पुढारी कॅल्विन याने तरुणपणी, १५३४ साली, याच मताविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. एवढी मोठी माणसं दोन्हीकडे आहेत आणि लूथर-कॅल्विनचं नाव आपण एका दमात घेतो, मग तुमच्या दिरासोबत एका सतरंजीवर बसायला काय हरकत आहे?

नणंदेचं मात्र वेगळं. ‘आई पाहून राहिली’ हे पाळकसाहेबांनी धीर द्यायला म्हटलं असेल, पण मेलेले आपल्याला बघत बसतात असं बायबल कुठं स्पष्ट सांगत नाही, आणि मेलेल्यांशी बोलू पाहणं तर अनुवाद १८ मध्ये मनाच केलंय. (कॅथलिक मंडळी मृतांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरला कबरीवर जातात, त्यांची शिकवण वेगळी आहे.) तिला रडू द्या, रागवू नका, फक्त म्हणा की आईला जे सांगायचं ते प्रभूला सांग, तो ऐकतो यावर घरात कोणाचाच वाद नाही.

आणि भक्तीत १ करिंथ १५ वाचा, दिरालाच वाचायला द्या. तो पूर्ण अध्याय पुनरुत्थानाचा आहे, त्यातलं एक वाक्य पण दोघांपैकी कोणाला खटकणार नाही.

प्रश्न : ताई मी वणीजवळच्या कोळसा खाणीत कामाले आहो आणि रविवारी मंडळीत लेकरांचं संडे स्कूल घेतो. खाणीतले साहेब म्हणतात हा कोळसा करोडो वर्षांचा आहे. आमच्या एका वडील भावानं शिकवलं का पृथ्वी सहा हजार वर्षांची, सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस, नाही मानलं तर बायबलच नाही मानलं. मी लेकरांले काय सांगू?
— एक भाऊ, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, साहेब बरोबर सांगून राहिले. वर्धा खोऱ्यातला कोळसा २५ कोटी वर्षांपेक्षा जुना आहे, दलदलीतली झाडं गाडली गेली त्याचा झाला. सहा हजारांचा आकडा बायबलात छापलेला नाही, वंशावळीतली वर्षं बेरीज करून काढलेला आहे, आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये हिशेब लावून सृष्टी इ.स.पू. ४००४ मधली ठरवली.

चोवीस तासवाल्यांचा आधार निर्गम २०:११ आहे, सहा दिवस देवानं काम केलं म्हणून तू पण सातव्या दिवशी विसावा घे, आणि तो आधार हलका नाही. पण उत्पत्ती १ स्वतःच थांबवते. सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ कशानं मोजायची? सातव्या दिवसाला तर ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे येतच नाही, आणि इब्री ४ मध्ये तो विसावा अजून उघडा आहे, म्हणजे माणसांना अजून त्यात शिरता येतं. हे काय आजकालच्या सायन्सला घाबरून काढलेलं नाही, मंडळीचा जुना थोर शिक्षक ऑगस्टीन पाचव्या शतकात म्हणून गेला की हे आपल्यासारखे दिवस नाहीत, देवानं सगळं एकदम निर्माण केलं. त्या वडील भावाला हे माहीत नसेल तर सांगा.

आणि गंमत बघा, सेव्हन्थ डे वाले दिवस चोवीस तासांचे मानतात, यहोवाचे साक्षीदार हजारो वर्षांचे मानतात, पण मेलेल्यांना काही कळत नाही यावर दोघं एकच. म्हणजे एका प्रश्नावर कोण कुठं उभा आहे त्यावरून त्याचा सगळा विश्वास मोजता येत नाही.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या, स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला, प्रचार केला, शाळा काढली, आणि फावल्या वेळात हंटर या सोबत्याबरोबर नागपूरच्या आसपास जीवाश्म गोळा करत फिरला. चंद्रपूरकडच्या मांगलीच्या दगडातली एका प्राचीन प्राण्याची कवटी त्यांनी लंडनला पोचवली. सकाळी उपदेश, संध्याकाळी हातोडी, असा तो माणूस. १८६३ मध्ये टाकळघाटचे जुने दगडी वर्तुळातले दफन बघून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. आज नागपूरच्या कॉलेजला त्याचं नाव आहे.

लेकरांना उत्पत्ती १ पूर्ण मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या सूर्य-चंद्राला आजूबाजूचे लोक देव मानून पुजत होते ते इथे देवानं लावलेले दिवे आहेत, हे त्यांना समजलं पाहिजे. मग खाणीतला एखादा कोळशाचा तुकडा, पानाचा ठसा असलेला मिळाला तर बरंच, हातात द्या आणि किती जुना ते खरं सांगा. चौथ्या दिवसाबद्दल कोणी पोरगं विचारेलच, त्याला गप्प बसवू नका.