दुबईत भाड्याने घेतलेला फ्लॅट फोटोपेक्षा वेगळाच निघाला, आता भरपाई कशी मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून तुम्ही चौघं सप्टेंबरात दुबईला गेलात. ॲपवरून पाच रात्रींसाठी ८५,००० रुपयांचा फ्लॅट घेतला होता. फोटोतला फ्लॅट एक आणि किल्ली मिळाली ती दुसऱ्याच फ्लॅटची. एका बेडरूमचा एसी पाचही दिवस बंद. मालकाला दोनदा फोन केला, माणूस आला नाही. परत आल्यावर तक्रार केली तर कंपनीने १० टक्क्यांचं कूपन पाठवलं. याला आता तीन महिने होत आले. भरपाई मिळेल का, आणि त्यासाठी तिकडच्या कोर्टात जावं लागेल का?

तिकडे जावं लागत नाही, तक्रार साताऱ्यातच करता येते. पण कोर्टकचेरीच्या आधीचं एक काम आजच करा. पैसे क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने भरले असतील तर बँकेला लेखी कळवा की या व्यवहारावर माझा आक्षेप आहे. बँकेमार्फत पैसे परत मागायच्या या मार्गाला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवस मिळतात. तुमचे तीन महिने होत आले, म्हणजे हातात जेमतेम महिना आहे. ही मुदत गेली की बँक ऐकून घेत नाही. आणि ते कूपन वापरलं नसेल तर वापरू नका. बऱ्याच वेळा ‘स्वीकारा’ या बटणाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की याने तक्रार पूर्णपणे मिटली.

बँकेच्या फॉर्मवर कारण निवडायचं असतं, तिथे माझ्या अशाच एका प्रकरणात माझी चूक झाली म्हणून हे मुद्दाम सांगतो. ‘सेवा मिळाली नाही’ आणि ‘सेवा सांगितल्याप्रमाणे नव्हती’ ही दोन वेगळी कारणं आहेत. मी रागाच्या भरात पहिलं निवडलं. समोरच्यांनी दाराच्या कोडची नोंद दाखवली, की हे लोक आत गेले होते, आणि माझा दावा तिथेच पडला. तुम्ही पाच रात्री राहिलात, तेव्हा तुमचं कारण दुसरंच आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

आता माझं सांगतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही थायलंडमधल्या क्राबीला गेलो, बायको, मुलगी आणि ७१ वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात म्हणून खालच्या मजल्यावर झोपायची खोली हवी, असं बुकिंगच्या आधीच लिहून विचारलं होतं आणि मालकाने ‘आहे’ असं कळवलं होतं. चार रात्रींचे ६२,००० भरले. रात्री अकराला पोचलो तर खाली फक्त सोफा, पलंग वर, आणि वर जायला लोखंडी गोल जिना. आई एकेक पायरी बसत बसत चढली. वर जाऊन बायकोने चादर उचलली, तर गादीच्या शिवणीला काळे ठिपके. मोबाइलचा उजेड जवळ नेला तसे ठिपके हलायला लागले. ढेकूण. आईने तिची बीपीच्या गोळ्यांची रिकामी डबी काढली, त्यातले दोन पकडले आणि झाकण लावलं. मुलीने त्या डबीशेजारी पासपोर्ट ठेवून फोटो काढला, आकार कळावा म्हणून. रात्रभर आम्ही खालीच बसून काढली.

आमच्या धंद्यात पोत्यातून मूठभर हळद काढून नमुना दाखवतात, त्यावर सौदा होतो. माल नमुन्यासारखा नसला तर वांधा काढतात, पण तो माल समोर असताना. गाडी भरून निघून गेल्यावर काढलेल्या वांध्याला कोण विचारतं? मी वर्षानुवर्षं हे बघतोय, त्यामुळे त्या रात्री हातून आपोआप झालं. सामान उघडायच्या आधी सगळ्या घराचा एकसलग व्हिडिओ काढला. जाहिरातीतल्या फोटोंचे स्क्रीनशॉट घेतले, कारण नंतर ते बदलतात. आणि ॲपमध्येच मेसेज टाकला, रात्री ११.४० ला. मोठ्या कंपन्यांच्या अटींत तक्रार कळवायला २४ ते ७२ तास दिलेले असतात, त्यामुळे या वेळेला फार किंमत येते. मालक सारखा म्हणत होता की व्हॉट्सॲपवर या, रिव्ह्यू टाकू नका, ५,००० देतो. मी प्रत्येक वेळी ॲपवरच उत्तर दिलं. सकाळी पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर लावला, इंग्रजीत बोलणारा माणूस मिळाला. पैसे काही त्यांनी मिळवून दिले नाहीत, पण तक्रारीला तारीख लागली.

तुम्ही मालकाशी फोनवरच बोललात, इथे तुमची बाजू जरा लंगडी आहे. ती अजूनही सावरता येते. फोनच्या कॉल हिस्टरीचे स्क्रीनशॉट काढा आणि कंपनीला ईमेल लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता मी मालकाशी बोललो, एसी बंद आहे असं सांगितलं, ‘उद्या माणूस पाठवतो’ असं उत्तर मिळालं. घरच्या ग्रुपवर त्या दिवशी ‘इथे एसी चालत नाही’ असा मेसेज टाकला असेल तर तोही पुरावाच. फोटोंची मूळ फाइल जपा, कारण व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या फोटोतून वेळेची नोंद निघून जाते. मालकाला मात्र शिवीगाळ करू नका. अमिरातीत ऑनलाइन किंवा व्हॉट्सॲपवर अपमान करणं हा गुन्हा धरतात. रिव्ह्यूमध्येही घडलं तेवढंच लिहा.

दुबईत असे फ्लॅट पर्यटकांना द्यायचे तर तिथल्या अर्थव्यवस्था आणि पर्यटन विभागाचा परवाना लागतो. जाहिरातीत परवान्याचा क्रमांक होता का बघा. नसेल किंवा तो दुसऱ्याच फ्लॅटचा असेल, तर त्या विभागाकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत तुमच्या कागदांत लावा. वेगळा फ्लॅट दाखवल्याचा यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

किती मागायचं, यावर मी मुद्दाम जास्त लिहितो, कारण बहुतेक तक्रारी इथे फसतात. लोक विमानाच्या तिकिटासकट सगळी सहल मागतात. तिकिटं तुम्ही वापरलीत, ती मागू नका. माझा हिशेब असा होता: रात्रीला १५,५०० प्रमाणे चारही रात्रींचे ६२,०००. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या हॉटेलचे तीन रात्रींचे ५८,२०० झाले, पण त्यातले ४६,५०० तर मी त्याच तीन रात्रींच्या भाड्यापोटी परत मागतच होतो, म्हणून वरचा फरक तेवढा, ११,७००. आईच्या अंगावर पुरळ उठला, त्या डॉक्टरचे २,६००. टॅक्सीचे ९००. एकूण ७७,२००, प्रत्येक ओळीला पावती. मानसिक त्रासाची रक्कम वेगळ्या ओळीत. तुम्ही पाचही रात्री तिथेच राहिलात, त्यामुळे पूर्ण ८५,००० मिळणं अवघड आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. दोन बेडरूमपैकी एक निरुपयोगी असेल तर भाड्याचा निम्मा भाग आणि फ्लॅट बदलून दिल्याबद्दल भरपाई, अशी मागणी टिकेल. प्रवास विम्यावर विसंबू नका. तो आजारपण, सामान, रद्द झालेला प्रवास यासाठी असतो, वाईट घरासाठी सहसा नसतो.

हे आकडे घालून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. हे नियम परदेशात नोंदलेल्या पण भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे सेवा विकणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं. काही जणांचं काम तिथेच होतं.

नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या माणसासाठी हा केवढा मोठा बदल आहे, हे मला स्वतः तक्रार केल्यावरच कळलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो, वकील सक्तीचा नाही, व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. मी तक्रार मराठीत लिहिली, सोबत शपथपत्र, आणि स्क्रीनशॉटसाठी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे द्यायचं असतं. कंपनीचं भारतात कार्यालय असेल तर तिलाही सामनेवाले करा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांत तिचंही नाव घाला. नोटीस बजावणं त्यामुळे फार सोपं जातं.

कंपनीच्या वकिलांनी दोन मुद्दे आणले, तुमच्याकडेही तेच येतील. पहिला, आम्ही नुसते मध्यस्थ. त्यावर मी म्हटलं की पैसे तुमच्या खात्यात आले, सेवाशुल्क तुम्ही घेतलंत आणि माझी तक्रार फेटाळली तीही तुम्हीच. दुसरा, अटींप्रमाणे वाद परदेशात लवादाकडेच, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाकडेच, जायला हवा. लवादाची अट ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ते निकालपत्र जोडा. एक सावधगिरी: ‘कंपनीच्या अटीच अन्यायकारक आहेत, त्या रद्द करा’ अशी मागणी घालू नका. तो विषय राज्य आयोगाकडे जातो आणि तुमची साताऱ्यातली तक्रार अडकते. सेवेतली त्रुटी, एवढ्यावरच राहा.

माझं प्रकरण निकालापर्यंत गेलं नाही. सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला आयोगाने मध्यस्थीला पाठवलं. आई सोबत आली होती. फोटो धूसर आहे, ते ठिपके कसलेही असू शकतात, असं पलीकडून म्हटल्यावर तिने पिशवीतून ती गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. वर्षभर तिने ती जपून ठेवली होती, मलाही माहीत नव्हतं. ६५,००० वर तडजोड झाली आणि २५ दिवसांत पैसे खात्यात आले.

तुम्ही आज बँकेचा फॉर्म भरा, उद्या कंपनीला ईमेल पाठवा. मग तारीख, वेळ, काय झालं आणि पुरावा कोणता, असा चार रकान्यांचा तक्ता करा. नावं आणि नंबर काढून तो इथे टाकलात तर कुठे काय कमी आहे ते मी बघून सांगतो.