मुलींची बेरीज दुप्पट, म्हणून मुलगे सुखरूप?

प्रश्न : मी कोथरूडच्या एका शाळेत नववीला शिकवते. ऑनलाइन छळाबद्दल आम्ही वर्गाकडून दहा प्रश्न भरून घेतले. मुलींच्या 'हो' उत्तरांची बेरीज मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट आली. आता मुख्याध्यापिका फक्त मुलींसाठी कार्यशाळा घ्यायची म्हणताहेत. प्रश्नावली सोबत जोडली आहे. काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, कार्यशाळा मुलग्यांसकट घ्या. मुलींनी लिहिलंय ते खरंच आहे, पण तुमच्या दहातले सहा प्रश्न फोटो, दिसण्यावरचे शेरे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून वगळणं यांवरच आहेत. फ्री फायर खेळताना हेडफोनमधून ऐकाव्या लागणाऱ्या आईवरच्या शिव्या, पासवर्ड काढून घेऊन बळकावलेला गेमचा आयडी, 'बायल्या' म्हणून फिरवलेलं स्टिकर, यातलं काहीच विचारलेलं नाही. मग ते बेरजेत येणार कुठून?

शिवाय 'तुला त्रास झाला का?' या प्रश्नाला, बाकावरचा मित्र डोकावत असताना, नववीतला मुलगा 'हो' लिहीत नाही. मस्करी होती म्हणतो. त्यापेक्षा 'गेल्या दोन महिन्यांत कुणी तुझा फोटो न विचारता ग्रुपवर टाकला का? किती वेळा?' असं घडलेलंच विचारा. शाळेतल्या दादागिरीवर नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी केलेल्या प्रश्नावलीतही अलीकडचा ठरावीक काळ आणि 'महिन्यातून 2-3 वेळा' असे पर्याय आहेत. तेच प्रसंग 'तू कुणाशी असं वागलास का, वागलीस का?' म्हणूनही विचारा. सोसणारं मूल पुष्कळदा दुसऱ्या ग्रुपवर तेच करत असतं.

प्रश्न दोघांना सारखं मोजतो का, हे तपासता येतं. प्रश्नावलीतली एकूण बेरीज सारखी आलेले मुलगे आणि मुली घेऊन एकेका प्रश्नावरची उत्तरं ताडायची. तरीही एखाद्या प्रश्नावर मुलीच जास्त 'हो' म्हणत असतील, तर त्या प्रश्नाचं माप दोघांसाठी एक नाही. फोटोचा प्रश्न असा निघाला तरी काढू मात्र नका. त्यातला धोका खरा आहे. तो वेगळा मोजा. या पडताळणीला काही शे मुलं लागतात, एका वर्गावर ती जमणार नाही. तुम्ही तीन-चार मुलगे आणि तीन-चार मुली वेगवेगळ्या बसवा, प्रश्न वाचून दाखवा आणि 'यावरून काय आठवतं?' एवढंच विचारा.

आणि कुणी फोटोवरून धमकावत असेल, तर सर्वेक्षण बाजूला ठेवून आधी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा 18 वर्षांखालच्या मुलग्यांनाही लागू आहे, हे पालकसभेत आवर्जून सांगा.