वाचकांचे प्रश्न : आधी नाव फोनवर सांगून बघा

या वेळी डोमेनचेच, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातल्या नावाचेच, प्रश्न जास्त आलेत. दिवाळीच्या आधी सगळ्यांना ऑनलाइन विकायचं असतं ना, त्यामुळे असेल. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, फैजपूरकडे आमचा महिला बचत गट आहे. केळीचे वेफर्स, बिबड्या, पापड करतो. गटाचं नाव गिरजाई. वेबसाइट करून देणारा पोरगा म्हणतो 'बेस्ट खान्देशी बनाना वेफर्स ऑनलाइन' असं सगळं जोडून डॉट कॉम घ्या, गुगलवर वर याल. आम्हाला गिरजाईच पाहिजे. कोणाचं ऐकावं? — यावल तालुक्यातली एक ताई

उत्तर : ताई, स्वतःचं ऐका. नावात शब्द कोंबले की साइट वर येते हे एकेकाळी खरं होतं, पण सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने मुद्दाम त्यावरच बदल केला, म्हणजे साइटमध्ये दम नाही आणि नावात तेवढे लोक शोधतात ते शब्द भरलेत, अशा साइट खाली ढकलल्या. आणि समजा उद्या तुम्ही कळण्याचं पीठ नाहीतर मांडे विकायला काढले, तर बनाना वेफर्सच्या पाटीखाली मांडे कसे विकणार? नियमाने एका नावात ६३ अक्षरं बसतात म्हणून काय ती सगळी भरायची नसतात.

आता मेन गोष्ट. तुमचा माल खपतो कसा ते बघा. सुरतला नाहीतर पुण्याला राहणारी कोणाची तरी भाची बिबड्या खाते, मैत्रीण विचारते कुठून आणल्या, आणि ही फोनवर नाव सांगते. म्हणजे तुमचं नाव लोक वाचायच्या आधी ऐकतात. म्हणून पैसे भरायच्या आधी एवढं करा, गटाबाहेरच्या चार-पाच जणींना फोन लावा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि म्हणा आता हे इंग्रजीत टाइप करून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. कोणी जी-आय-आर-जे-ए-आय पाठवेल, कोणी मधे अजून एक आय टाकून गिरिजाई करेल, कोणी शेवटी डबल ए लावेल. जे जास्त जणींनी लिहिलं ते तुमचं डोमेन, मग तुमच्या बोर्डवर वेगळं स्पेलिंग असलं तरी बोर्ड बदला, बोर्ड स्वस्त असतो. दुसऱ्या नंबरचं स्पेलिंगपण घेऊन ठेवा आणि त्या पोराला सांगा की ते पहिल्यावर वळव, दहा मिनिटांचं काम आहे.

याच टेस्टमध्ये बाकीच्या भानगडीपण उघड्या पडतात. ळ असलेलं नाव शक्यतो घेऊ नका, केळी लिहिताना कोणी एल टाकतं, कोणी डबल एल, आणि आपल्याकडे तर अर्धे लोक बोलतानाच केयी म्हणतात, म्हणजे ऐकणारा वाय टाकून मोकळा. व असला की व्ही का डब्ल्यू हे आलंच. मधे डॅश तर अजिबात नको, सांगणारी म्हणते 'गिरजाई डॅश फूड्स' आणि ऐकणारी खालची दांडी टाकते, जी डोमेनमध्ये चालतच नाही. आकडा टाकला की तो आकड्यात लिहायचा का अक्षरात हा घोळ. कॅपिटल-स्मॉलचं मात्र टेन्शन घेऊ नका, डोमेनमध्ये दोन्ही एकच.

नुसतं गिरजाई मिळालं नाही तर मागे एकच साधा शब्द जोडा, फूड्स चालेल. 'ऑफिशियल', 'इंडिया', 'वर्ल्ड' असली शेपटं नकोत, लोक ती हमखास विसरतात. जोडल्यावर इंग्रजी अक्षरांत सलग वाचून बघा, दोन शब्दांच्या सांध्यावर कधी कधी भलताच शब्द तयार होतो आणि तो आधी दिसतो कॉलेजातल्या पोरांना.

अजून एक, हे लोक विसरतात. ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर फुकट सर्च आहे, त्यात हेच नाव खाण्याच्या वस्तूंत कोणी घेतलंय का बघा, क्लास २९ आणि ३० दोन्ही, खाण्याच्या वस्तू ट्रेडमार्कमध्ये या गटांत येतात. डोमेन मोकळं आहे म्हणजे नाव मोकळं आहे असं नसतं. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या केसमध्ये सरळ सांगितलंय की डोमेन नेमलाही व्यापारी नावासारखंच संरक्षण आहे. तिथे तर भांडण नुसतं 'सिफी' आणि 'सिफीनेट' एवढ्यावर होतं.

प्रश्न : धुळ्यात माझे कोचिंग क्लास आहेत. नावाचं डॉट कॉम कोणीतरी घेऊन ठेवलंय, साइट काही नाही, नुसतं 'विकायचं आहे' असं येतं आणि किंमत ऐकून चक्कर आली. डॉट को घेऊ का? का डॉट एसी डॉट इन मिळेल, क्लास आहे म्हणून?

उत्तर : डॉट एसी डॉट इन विसरा, ते कॉलेज-विद्यापीठ अशा मान्यता असलेल्या संस्थांना कागदपत्रं बघून देतात. डॉट ईडीयू तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजांपुरतंच आहे. डॉट को म्हणजे कोलंबिया देशाचं डोमेन, घ्यायला कोणालाही मिळतं, पण देवपुरातला पालक शेवटी एम लावणारच आणि तो पोचेल त्या 'विकायचं आहे' वाल्याकडे, उलट त्याचीच गर्दी वाढेल. डॉट एआय, डॉट टीव्ही हेपण असंच, एक अँग्विलाचं आणि एक तुवालूचं, क्लासला त्यांचा काय उपयोग.

सरळ डॉट इन घ्या. २००५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, आता लोकांच्या तोंडातही बसलंय, आणि तुमचे विद्यार्थी येणार धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडून, न्यूझीलंडहून थोडेच येणार आहेत. डॉट कॉम रिकामं पडलंय तोवर चालतंय. पण तिथे दुसऱ्या कोणाचा चालू क्लास असता तर मी नावच बदला म्हटलं असतं, कारण तुमच्या जाहिरातीचा पैसा त्याच्या घरी गेला असता. त्या विकणाऱ्याला लगेच मेल करू नका, उत्सुकता दिसली की भाव चढतो. आणि डॉट इन घेताना पहिल्या वर्षाच्या ऑफरवर जाऊ नका, दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअल रेट आधी बघा, तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

प्रश्न : आम्हनं अहिराणी गाणास्नं चॅनल शे. वेबसाइटनं नाव मराठी अक्षरमा मिळी का? — शहादा

उत्तर : मिळी ना भाऊ! देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे. पोस्टरवर एकदम भारी दिसतं. पण एकट्या त्याच्यावर राहू नका. कॉम्प्युटर आतून ते नाव इंग्रजी अक्षरांतच साठवतो, एक्स-एन-डॅश-डॅशने सुरू होणारी लांबलचक लाइन, आणि कधी कधी लिंक पाठवली की तीच लाइन समोरच्याला दिसते आणि त्याला वाटतं व्हायरस आला. या नावावरचा मेल आयडीपण पुष्कळ फॉर्म घेत नाहीत. त्यात आपल्या भागाचंच बघा, कोणी 'खानदेश' लिहितं, कोणी 'खान्देश', डोमेनच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं झाली, एक तुमचं आणि दुसरं जो आधी घेईल त्याचं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, आणि अहिराणी तर जो तो आपल्या कानाने लिहितो. म्हणून मेन पत्ता इंग्रजी अक्षरांत ठेवा, डॉट भारतवालं घेऊन त्याच्यावर वळवा, आणि नाव असं निवडा की त्यात जोडाक्षर नसेल, वेलांटीवरून वाद नसेल. आखाजीच्या गाण्यांचं वेगळं पान करणार असाल तर त्याला वेगळं डोमेन नको, त्याच साइटमध्ये ठेवा.

प्रश्न : जळगावात माझं दुकान आहे. साइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, आता वाढीव पैसे मागतोय, नाहीतर बंद करीन म्हणतो. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी हूइज सर्चमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन सर्चमध्ये, नाव टाका, मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी कोणत्या कंपनीकडे नोंद आहे आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मग त्याला लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, सांगा की डोमेन माझ्या नावावर आणि माझ्या मेलवर कर आणि ट्रान्सफरसाठी ऑथ कोड दे, म्हणजे डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायला लागतो तो पासवर्ड. डोमेन डॉट कॉम असेल आणि नवीनच घेतलेलं असेल तर पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, पण त्याच कंपनीत तुमच्या खात्यात टाकता येतं, तेव्हा 'सिस्टीम नाही म्हणते' हे कारण चालू देऊ नका. तुम्ही डोमेनचे पैसे दिल्याचं बिल, मेसेज, काही असेल तर जपून ठेवा. दुकानाचं नाव जुनं असेल, जीएसटीवर, पाटीवर तेच असेल, तर डॉट इनसाठी आयएनडीआरपी नावाची तक्रारीची पद्धत आहे आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी, मात्र दोन्हीकडे फी बरीच आहे, छोट्या दुकानाला झेपेलच असं नाही, त्यामुळे आधी गोडीत काढून घ्या. तो वाढीव म्हणतोय ती रक्कम फार नसेल तर मी तरी देऊन मोकळा होईन, पण कोड हातात आल्यावर, आधी नाही.

प्रश्न : भुसावळला भरीत पार्सलचं चालू करतोय. नावात 'जळगाव भरीत' टाकलं तर कोणी अडवेल का?

उत्तर : जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे माल त्या भागातलाच असल्याचं सरकारी मानांकन, मिळालंय, जळगावच्या केळीलापण त्याच वर्षी. म्हणजे वांगं दुसरीकडचं आणून ते जळगावचं म्हणून विकलं तर अडचण येऊ शकते. वांगं खरंच तिथलं असेल तरी गावाचं आणि पदार्थाचं नाव एकट्याचं ब्रँड म्हणून रजिस्टर करणं अवघड जातं, शेजारचा उद्या 'जळगाव भरीत सेंटर' काढेल आणि तुम्ही बघत बसाल. पुढे स्वतःचं एक नाव लावा, आजीचं, मळ्याचं, काहीही, आणि डोमेन त्या नावाचं घ्या. भरीत पाटीवर लिहा, मोठ्या अक्षरात.